चौदा फासळ्या

६ सप्टेंबर

बारा! सोळा! वीस! चोवीस!

आज दिवसभरात एवढे आकडे ऐकले. गॅरेज एकच — आमचं, चार मीटर बाय सहा. त्यात भिंतीवरच्या गरम पाण्याच्या रेडिएटरला किती फासळ्या, म्हणजे उभे कप्पे, लागतील हे गल्लीतल्या प्रत्येक बाप्याला ठाऊक. बायकोचा वाढदिवस कधी असतो विचारा, एकालाही सांगता यायचं नाही.

चूक माझीच. सकाळी कुंपणाशी उभं राहून नवऱ्याला, गव्रीलला, म्हणाले की यंदा गॅरेजात लाकडाची शेगडी नको, घरच्या बॉयलरवरून पाइप काढू आणि रेडिएटर बसवू. त्याला आता लाकडं फोडता येत नाहीत. उजव्या हाताची तीन बोटं तो दोन हिवाळ्यांपूर्वी नदीवरच्या बर्फाच्या रस्त्यावर ठेवून आला — ट्रक बंद पडला होता. तेव्हापासून गाडी मी चालवते. बालवाडीच्या स्वयंपाकघरात मला सहाला पोचायचं असतं, त्याआधी उठून शेगडी कोण पेटवणार? गेल्या हिवाळ्यात गाडी इतक्यांदा गोठली की मोठ्या बाईंनी शेवटी तोंडावर सांगितलं, 'मार्फा, मुलांची लापशी तुझ्या गाडीच्या मर्जीवर नाही शिजायची.'

एवढंच बोलणं चाललं होतं. तेवढ्यात नदीकडच्या टोकाचा केशा कुठून तरी उगवला. 'वहिनी, चोवीस! चोवीसच्या खाली बोलूच नका!' त्याच्यामागून आणखी दोघं. कुंपणाशी सभा भरली. चहा मीच केला, वर धिरडीही मीच घातली.

सगळे गेल्यावर गव्रील पहिल्यांदा बोलला. 'चोवीस,' म्हणाला, आणि आत गेला.

८ सप्टेंबर

टेप घेऊन मोजलं. एक टोक मी धरलं, दुसरं त्याने, डाव्या हाताने. त्याचं टोक सुटलं, टेप सर्रकन माझ्या बोटांवर आली. 'नीट धर ना!' — तोंडातून गेलंच. मग जीभ चावली, पण उशीर झाला होता.

हे गॅरेज त्याने स्वतः बांधलं. लार्चचे ओंडके, मधल्या फटींत शेवाळ, वर भुशाचा जाड थर. भिंती अजून घट्ट आहेत. दार तेवढं लोखंडी. 'सगळी ऊब या दारातून जाते,' तो म्हणाला, 'एक रेडिएटर इथं पाहिजे.' मी म्हटलं, दारापर्यंत पाइप न्यायचे म्हणजे अख्खी भिंत फिरायची. दोन्ही मागच्या भिंतीला लावू, स्वयंपाकघराच्या पाठीला. काम सोपं, पाइप आखूड.

'तुला काय कळतंय त्यातलं,' म्हणाला.

झालं! उरलेलं मी एकटीने मोजलं. टेपचं टोक खिळ्याला अडकवलं. खिळा निदान उलटून बोलत नाही.

११ सप्टेंबर

दुकानात गेले. काउंटरवर लांब नखांची एक पोरगी. मान वर न करता विचारते, 'चौरस मीटर किती?' चोवीस, म्हटलं. 'गुणिले शंभर, भागिले एकशे ऐंशी. तेरा आणि वर काहीतरी. चौदा घ्या.' पाव मागितल्यासारखं!

माझ्यामागे एक टोपीवाला उभा होता. त्याच्याच्याने राहवेना. 'बाई, खोक्यावर एका फासळीचे एकशे ऐंशी वॅट लिहिलेत ते नव्वद अंशांच्या पाण्याचे! तुमचा बॉयलर किती देतो?' सत्तर देतो, म्हटलं. 'मग ते विसरा. खोक्यावरचं सगळं थापा!'

'मग तुम्हीच या इकडे आणि विका,' पोरगी म्हणाली. दोघांचं जुंपलं. मी मधे हातात पिशवी घेऊन उभी. पाठीमागे रांग वाढत चाललेली, प्रत्येकजण आपापल्या गॅरेजचं पुराण सांगतोय. माझं डोकं उठलं.

पण पोरगी पक्की निघाली. टोपीवाल्याला गप्प करून माझ्याकडे वळली आणि विचारलं, 'गॅरेज कशाला हवंय? गाडी ठेवायला की माणसं बसायला?'

गाडी ठेवायला, म्हटलं.

'मग चौदा. कडाक्यातही पाच-सहा अंश राहतील, गाडीला पुष्कळ झाले. माणसं बसणार असतील तर मात्र चोवीस घ्या.'

आठवडाभरात एवढे शहाणे भेटले, पण हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता.

१२ सप्टेंबर

कणीक मळताना एकदम डोक्यात प्रकाश पडला. चोवीस म्हणणारे सगळे बसायला येणारे आहेत!

केशा चोवीस म्हणणारच. त्याच्या गॅरेजात शहराच्या गरम पाण्याच्या मोठ्या पाइपची ऊब, बाहेर उणे पन्नास असो की पंचावन्न, आत बावीस. हिवाळाभर तिथं पुरुष बनियनवर बसून डोमिनो खेळतात. डोमिनो म्हणे! त्या टेबलावर काय काय असतं ते त्याची बायको उल्याना मला सांगते. आता त्यांना आणखी एक अड्डा हवाय, आमच्या अंगणात.

गाडीला सहा अंश पुरतात. वीस लागतात ते बाटलीला.

चौदा. ठरलं.

१३ सप्टेंबर

हे कागदालाच सांगते, दुसऱ्या कुणाला नाही.

माझे बाबा असेच ऊबदार गॅरेजातून पिऊन घरी येत होते. मित्राचं गॅरेज, जवळच, चालत येण्यासारखं. सकाळी आमच्या फाटकाशी सापडले. बसल्या जागी गोठलेले, टोपी मांडीवर. मी तेव्हा आठवीत होते. आईने मला आत ढकललं, तरी मी पाहिलंच.

गव्रील म्हणतो, ट्रक बंद पडला तेव्हा तो प्यायलेला नव्हता. सीटखालची बाटली मी पाहिली आहे. पण हॉस्पिटलातून आल्यापासून एक थेंब नाही. महिने किती झाले ते मी मोजत नाही, दृष्ट लागेल म्हणून. कुणी त्याचं कौतुक करायला लागलं तरी मी विषय बदलते. एवढी भीती वाटते मला. आणि हे त्याला सांगायला गेलं तर म्हणेल, तुझा माझ्यावर विश्वास नाही. तो नाहीच आहे, काय करू!

१७ सप्टेंबर

आज भांडण. जेवताना.

मी सांगितलं, चौदा. कारण विचारलं तर जमिनीचं सांगितलं — खालची बारमाही गोठलेली जमीन मऊ होईल, खांब खचतील, दार वाकडं होईल. हे खोटं नाही. नदीकडे दोन घरं अशीच कलली आहेत. पण माझं कारण ते नव्हतं, आणि त्याला ते कळलं असावं.

'खाली हवा खेळती ठेवलीय मी,' तो म्हणाला. 'गॅरेज मी बांधलंय. जमिनीचं मला शिकवू नकोस.'

'पण चोवीस कशाला? गाडीला काय घाम आणायचाय?'

बराच वेळ सूप ढवळत बसला. मग म्हणाला, 'मला बसायला जागा पाहिजे.'

'एवढं घर आहे की!'

'घर तुझं आहे.'

म्हणजे काय? तीस वर्षं हा माणूस ट्रकमधे राहिला, महिन्यातून चार दिवस घरी. पडदे मी शिवले, भिंती मी रंगवल्या, पोरीला मी वाढवलं. घर माझं नसेल तर कुणाचं असेल? आणि हे ऐकून मी रडायचं की हसायचं? मी भांडी आपटली. तो टीव्हीसमोर जाऊन बसला, माझी मालिका चालू होती, ती बघत राहिला. त्याला त्यातलं एकही पात्र ओळखता येत नाही.

१८ सप्टेंबर

रस्त्यात केशा. 'काय वहिनी, चौदा म्हणे! गाडीसाठी गॅरेज करताय की माशांसाठी फ्रीज?'

'माशांसाठी,' म्हटलं. 'मासे पीत नाहीत.'

हसला मेला. राग येत नाही त्याला, हीच तर पंचाईत आहे.

२४ सप्टेंबर

तिमोफेई फिटर 'उद्या येतो' म्हणाला त्याला आठवडा झाला. रोज उद्या! डबक्यांवर बर्फाची साय धरायला लागली. गॅरेजच्या भिंतीला पाइपासाठी पाडलेलं भोक आहे, त्यात मी जुनं जाकीट कोंबलंय. गव्रील ते भोक बघतो आणि काही बोलत नाही. त्याने बोलावं म्हणून मी मुद्दाम दोनदा तिथून गेले.

१ ऑक्टोबर

दुकानाने माल पाठवला. उघडून बघते तर बिडाचे! आजोबांच्या काळातले, एकेका फासळीला दोन माणसं लागतील असे. मी ॲल्युमिनियमचे मागितले होते. फोन केला तर पोरगी म्हणते, 'बिडाचे जास्त टिकतात.' मला काय नातवंडांना वाटून द्यायचेत? ड्रायव्हर म्हणतो, परत न्यायचा हुकूम नाही. फाटकात ते धूड तसंच पडून.

सगळा दिवस फोनवर गेला. शेवटी मी म्हटलं, हे आत्ता उचलले नाहीत तर तुमच्या दुकानाच्या दारात आणून टाकेन. तेव्हा उचलले आणि ॲल्युमिनियमचे पाठवायचं कबूल केलं.

गंमत म्हणजे गव्रीलला बिडाचेच आवडले होते. 'ऊब धरून ठेवतात,' म्हणाला, जाणाऱ्या ट्रककडे बघत. आधी तोंड उघडायला काय झालं होतं!

६ ऑक्टोबर

तिमोफेई आला. घरातल्या पाइपांमधलं सगळं पाणी उतरवलं, दिवसभर आम्ही कोट घालून बसलो. सात फासळ्यांचा एक, सात फासळ्यांचा दुसरा, दोन्ही मागच्या भिंतीला. तिमोफेईने गव्रीलला विचारलं, 'मालक, दाराजवळ नको का एक?' गव्रील म्हणाला, 'बाईंना विचार.' बाई म्हणाल्या, नको.

पाना धरायला वाकला होता तो, तिमोफेईला मदत म्हणून. पाना हातातून निसटला. तिमोफेईने पटकन दुसरीकडे बघितलं. मला गव्रीलजवळ जावंसं वाटलं, पण गेले असते तर त्याला ते आवडलं नसतं. म्हणून चहा टाकायला गेले.

७ ऑक्टोबर

बाहेर उणे बारा, आत अधिक चौदा! पाइप गळत नाहीत! मी एकटीच नाचले.

५ नोव्हेंबर

थंडी उणे चाळिशीच्या जवळ आली. गॅरेजात आठ अंश. पहाटे किल्ली फिरवली आणि गाडी खोकलीसुद्धा नाही, लगेच घरघरायला लागली. लापशी वेळेवर. मोठ्या बाई म्हणाल्या, 'काय मार्फा, गाडीला बाळसं आलंय!' दिवसभर मी हवेत होते.

९ नोव्हेंबर

हवेतून खाली आले. गाडीवरचं बर्फ आत वितळतं, पाणी उताराने दाराकडे जातं आणि उंबरठ्याशी पुन्हा गोठतं. आज दार उघडेना! आत गाडी चालू, दारातल्या छोट्या दिंडीदरवाजातून बाहेर येऊन मी कुऱ्हाडीने बर्फ फोडतेय, लापशीची वेळ टळतेय. डोळ्यांत पाणी आलं तेही पापण्यांवर गोठलं.

गव्रील पायात बूट सरकवून आला. माझ्या हातातून कुऱ्हाड घेतली, डाव्या हाताने, आणि चार घावांत दार मोकळं केलं. संध्याकाळी येऊन बघते तर उंबरठ्याच्या आत फळीची पन्हळ बसवलेली, पाणी बादलीत पडेल अशी.

'दाराजवळ रेडिएटर हवा होता' असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. मी म्हटलं, पन्हळ छान झाली. तो म्हणाला, 'हं.'

२० नोव्हेंबर

तो गॅरेजात बसायला लागलाय. जाड कोट, फेल्टचे बूट, समोर शेजाऱ्याच्या गाडीचा बिघडलेला स्टार्टर. एका हाताने आणि दोन बोटांनी खोलतो, पुन्हा जोडतो. मी खिडकीतून बघते. बाटली नाही. कुणी मित्र नाही. सात अंशांत कोण येणार!

तासाभराने आत येतो तेव्हा त्या खुंट झालेल्या बोटांची टोकं निळी पडलेली असतात. गरम पाण्याच्या भांड्यात हात धरून बसतो. दुखतं का विचारलं तर 'नाही' म्हणतो, दात आवळून.

२३ नोव्हेंबर

आज मीच म्हटलं, स्टार्टर आत आण, स्वयंपाकघरात ऊब आहे. आणला. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. मी मासा भरलेल्या पावासाठी पीठ भिजवून ठेवलेलं, त्याच टेबलावर. अर्ध्या तासात ऑइलची वाटी लवंडली, पिठात गेली, नव्या टेबलक्लॉथवर गेली, गालिच्यावर गेली.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. बरंच बोलले. 'तुला एका जागी धड बसताही येत नाही' — असंही बोलले.

त्याने वर्तमानपत्र गोळा केलं. बोल्ट एकेक करून खिशात टाकले. मग म्हणाला, 'मार्फा, अजून दहा फासळ्या घालू या. तिथं वीस अंश झाले की मी तुझ्या पायांत येणार नाही. हात चालले की मला काम मिळेल. लोक स्टार्टर घेऊन येतात.'

लोक येतात! तेच तर. आज स्टार्टर घेऊन येतील, उद्या स्टार्टरसोबत आणखी काही घेऊन येतील.

'जमीन मऊ होईल,' मी म्हटलं.

मी पीठ फेकायला उठले.

२४ नोव्हेंबर

आइताचा नोव्होसिबिर्स्कहून फोन. 'आई, बाबांचा आवाज असा का येतोय?' थंडीने, म्हटलं.

४ डिसेंबर

बरी बातमी. गव्रील फिरायला लागलाय! दुपारी जेवून निघतो, अंधार पडल्यावर येतो. उणे चव्वेचाळीस, तरी जातो. डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना, चालत जा म्हणून. गाल लाल, चेहरा मोकळा. कोट घेताना हाताला हात लागला तर बोटं गरम होती! आल्या आल्या जेवायला मागतो. काल मालिका बघताना हसलासुद्धा.

कोटाचा वास घेतला, हो, घेतला. ऑइल, तंबाखू, भाजलेला मासा. ते सोडून काही नाही.

१३ डिसेंबर

मी किती मूर्ख आहे! चव्वेचाळीस अंश थंडीत कुणाची बोटं गरम राहतात?

दुकानात उल्याना भेटली. 'तुझा नवरा आमच्याकडे रोज असतो की! स्टार्टर घेऊन येतो, कोपऱ्यातल्या बाकावर बसतो.' पितो का, विचारलं. 'अजून तरी नाही. चहाचा मग घेऊन बसतो. हे लोक चिडवतात त्याला, पेला पुढे सरकवतात. तो मागे सरकवतो. रोजचा खेळ झालाय त्यांचा.'

रोजचा खेळ!

घरी आल्यावर तो दारातून आत येईपर्यंतही थांबले नाही. खोटारडा म्हटलं. 'फिरायला जातो असं मी कधी म्हणालो?' — खरंच, म्हणाला नव्हता. मीच धरून चालले होते.

'तिथं का जातोस?'

'तिथं हात दुखत नाहीत.'

'पितोस?'

'नाही.'

'हे मी कशावरून मानू?'

'मानू नकोस,' म्हणाला. अगदी शांतपणे. मग कोट खुंटीला लावता लावता पाठमोऱ्यानेच बोलला, 'ते रोज पुढे करतात, मार्फा. रोज नाही म्हणायचं. दमतो माणूस. आपल्या गॅरेजात बसलो असतो तर कुणी पुढे केलं नसतं.'

'इथंही आलेच असते ते!'

'इथं मालक मी असतो. हाकललं असतं.'

मला हे सुचलंच नव्हतं. इतक्या दिवसांत एकदाही नाही. पण तोंडातून काय निघावं? 'मग जा, तिथंच राहा जाऊन!'

१४ डिसेंबर

तो आज गेला नाही. गॅरेजात बसला, सहा अंशांत. मी चहा नेऊन दिला. घेतला. माझं बोलणं मागे घ्यायला गेले तर शब्दच सापडेनात, म्हणून साखर किती घालू असं विचारलं. तीस वर्षं मी त्याला दोन चमचे घालतेय.

१६ डिसेंबर

तिमोफेईला फोन केला. अजून दहा फासळ्या जोडायच्यात, उद्या ये, म्हटलं. फोनवरच ओरडला. 'डोकं फिरलंय का, काकू? बाहेर उणे एकोणपन्नास आहे! आत्ता पाणी उतरवायचं म्हणजे दोन तासांत घराचे सगळे पाइप फुटतील. मार्चशिवाय नाव काढू नका!' मी म्हटलं, जास्त देते. 'देऊन काय उपयोग, पाणी ऐकणारेय का?'

मग विजेचा हीटर आणला. दोन तास चालवला, घराचे दिवे गेले. पुन्हा लावले, पुन्हा गेले. वायर जुनी आहे, म्हणे. काहीच कसं धड होत नाही! हीटर तसाच उचलून कोपऱ्यात आदळला.

गव्रील दारात उभा राहून सगळं बघत होता. त्याला सांगितलं, मार्चमधे घालते, चोवीस, हवे तर तीस. 'बरं,' म्हणाला. हातमोजे काढून बोटांवर फुंकर मारत होता.

२० डिसेंबर

पुन्हा जायला लागला. जाताना या वेळी सांगून गेला, 'केशाकडे चाललो.' मी म्हटलं, कानटोपी नीट बांध. आणखी काय म्हणणार? सहा अंशांत बस म्हणणार?

रोज कोटाचा वास घेते. अजून ऑइलच येतो.

२५ डिसेंबर

केशाला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी गोडीत बोलले. त्याच्यापुढे पेला करू नका रे, म्हटलं. 'वहिनी, मी नाही करत. पण नवं वर्ष तोंडावर आलंय, दहाजण येतात, कुणाकुणाचे हात धरू?'

२९ डिसेंबर

उणे त्रेपन्न. दुपारी तीनला केशाचा फोन. 'वहिनी, गाडी घेऊन या. मी त्याला चालत सोडणार नाही.' मागे एरवी असतो तसा हसण्याखिदळण्याचा आवाज नव्हता.

गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

केशाचं दार ढकललं तर आतली ऊब तोंडावर आली. मला बघून सगळे उठून उभे राहिले. गव्रील तेवढा बसून होता, बनियनवर, बाकाला टेकून, पुढ्यात रिकामा पेला. मान वळवून माझ्याकडे बघितलं. ओळखलं की नाही, कळलं नाही.

'दार लाव गं,' म्हणाला. 'गार येतंय.'